पहाटे साडेचारचं मशीन आणि महिन्याचे तीन हजार

पत्राचा सारांश: पत्र इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीतून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५८ वर्षांच्या, नुकत्याच नोकरीतून निवृत्त झालेल्या. घर सासऱ्यांनी बांधलेलं. भिंतीला भिंत लागून शेजाऱ्यांचा शेव आणि जिरावण (पोह्यांवर घालायचा मसाला) बनवण्याचा कारखाना आहे, वीस-बावीस वर्षांपासूनचा. पाच वर्षांपूर्वी यजमानांची अँजिओप्लास्टी झाली. जिना चढायला नको म्हणून मागच्या अंगणात खोली बांधली, ती नेमकी त्या भिंतीला लागून. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी मसाला दळायचं मोठं मशीन आणलं. ते पहाटे साडेचारला सुरू होतं, दीड तास चालतं आणि पलंगापर्यंत थरथर येते. तक्रार केली तेव्हा शेजारी म्हणाले, ‘कारखाना आधीचा, खोली नंतरची.’ मग दिवाळीत त्यांनीच महिन्याला ३,००० रुपये देऊ केले. मशीन शेडच्या दुसऱ्या टोकाला हलवून खाली रबर घालायला मिस्त्रीने ४५,००० रुपये सांगितले आहेत; शेजारी म्हणतात, अर्धे तुम्ही द्या. यजमान म्हणतात पोलिसांत जाऊ. पुण्याचा मुलगा म्हणतो, तीन हजार घ्या आणि पुढच्या खोलीत झोपा. ताई विचारतात, ‘झोप विकायची का? आणि त्रास आम्हाला, तर खर्च आम्ही का करायचा?’ पत्राच्या शेवटी आणखी एक दुखणं आहे: गल्लीच्या तोंडाशी मॅरेज गार्डन, लग्नसराईत मध्यरात्रीपर्यंत डीजे. गल्लीतले काही जण वर्गणी काढून मालकाशी ‘सेटिंग’ करू म्हणतात.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात आवाज दोन आहेत. दोन्ही झोप उडवतात म्हणून तुम्ही ते एका दमात लिहिलेत, पण त्यांचे इलाज जवळजवळ उलटे आहेत. भिंतीपलीकडच्या मशीनसाठी बसून बोला. डीजेसाठी मात्र कुणाशीही सौदा करू नका, सरळ नियमाकडे जा. असं का म्हणते ते सांगते. आधी मशीनचं.

‘त्रास आम्हाला, तर खर्च आम्ही का करायचा?’ हा प्रश्न तुम्ही तीनदा लिहिलाय. वाचताना मला लंडनचा एक जुना खटला आठवला, कारण तो तुमच्या घराशी फार जुळतो. एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात दोन मोठे खलबत्ते होते. एक ६० वर्षांहून जास्त काळ त्याच जागी चालत होता, दुसरा २६ वर्षांहून जास्त. शेजारी एक डॉक्टर राहायला आले. सुरुवातीची काही वर्षं कुणाची कुणाबद्दल तक्रार नव्हती. मग डॉक्टरांनी बागेच्या टोकाला, मिठाईवाल्याच्या भिंतीला लागून, रोगी तपासायची खोली बांधली आणि कुटण्याच्या आवाजात त्यांना रोग्याची छाती ऐकता येईना. खटला उभा राहिला. १८७९ साली निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. मिठाईवाला म्हणत होता की इतक्या वर्षांच्या वहिवाटीने मला हक्क मिळालाय. न्यायालय म्हणालं, खोली बांधेपर्यंत डॉक्टरांना त्रासच नव्हता, मग त्या वर्षांत ते हरकत घेणार तरी कशी?

पुढे १९६० साली रोनाल्ड कोस नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हाच खटला घेऊन एक निबंध लिहिला. त्यांना १९९१ साली नोबेल मिळालं. कोस म्हणाले, मिठाईवाला डॉक्टरांना त्रास देतो हे खरं, पण त्याचे खलबत्ते बंद केले तर त्रास त्याला होतो. त्रास दोन्हीकडून असतो. तेव्हा दोघांचं मिळून कमीत कमी नुकसान कशात आहे, हे शोधायला हवं. हक्क कुणाचा हे स्पष्ट असेल आणि दोघांना बसून बोलणं फार महाग किंवा कठीण नसेल, तर ती वाट माणसं स्वतःच शोधतात. निकालाने एवढंच ठरतं की कुणी कुणाला पैसे द्यायचे. हा विचार सांगताना त्यातला ‘तर’ पुष्कळदा गाळला जातो. प्रत्यक्षात बोलणी कधीच फुकट नसतात, हे खुद्द कोस यांनी बजावलं होतं.

मला या विचारातलं निम्मं पटतं. शेजारी वाईट माणूस आहे असं धरून चाललं तर वाट सापडत नाही, हे पटतं. माझं लहानपण मिलच्या भोंग्यावर उठण्यात गेलं. त्या भोंग्याने आजारी माणसंही जागी होत असतील, पण वस्तीतल्या अर्ध्या घरांची चूल त्यावर पेटायची. १९९१ साली इंदूरची हुकुमचंद कापड मिल बंद पडली तेव्हा त्या शांततेचं कुणाला सुख वाटलं नाही. तुमच्या भिंतीपलीकडेही पाच-सहा माणसं पोट भरत असतील. कारखाना बंद व्हावा असं तुम्ही पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, हे मला फार आवडलं.

न पटणारं निम्मं असं, की अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाची पहाटेची झोप आणि मसाल्याचा एक घाणा एकाच तराजूत घालता येत नाहीत. म्हणून बोलायला बसण्याआधी तुमचा हक्क काय आहे ते नीट समजून घ्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५. तुमची गल्ली कोणत्या वर्गात धरली आहे ते विचारून घ्या. जुन्या मिश्र वस्त्यांत घोळ इथेच होतो. आकड्यांचा अंदाज असा: दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. शांत झोपेसाठी खोलीच्या आत ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे.

साडेचार ते सहा ही वेळ नियमाच्या भाषेत रात्रच आहे, म्हणजे हक्क तुमच्याकडे झुकतो. ‘कारखाना आधीचा’ या म्हणण्यालाही फार जोर उरत नाही. आपल्याकडे १८८२ च्या सुखाधिकार (ईझमेंट) कायद्यात वीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळण्याची तरतूद आहे, पण तुम्हाला छळणारं मशीन दोन वर्षांचं आहे. हे सगळं त्यांच्या तोंडावर फेकू नका. मनात ठेवून बोलायला जा. हक्काची खात्री असलेला माणूस शांतपणे बोलतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. मशीन साडेचारलाच का लागतं, हे तुम्ही शेजाऱ्यांना कधी विचारलंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. इंदूर सकाळी सातला पोह्यांच्या गाडीपाशी उभं असतं. पोह्यांवर शेव हवी आणि जिरावण हवं, म्हणून कारखाना पहाटे जागा असणार हे उघड आहे. पण पहाटे ताजी लागते ती शेव, म्हणजे भट्टी आणि कढई. त्यांनी भिंत हलत नाही. जिरावण हा कोरडा मसाला, दळून ठेवला तर कितीतरी दिवस टिकतो. तो दुपारी तीनला का दळता येऊ नये? काही कारण असेलही. मशीन चालवणारा कारागीर पहाटेच येत असेल, दुपारी शेडमध्ये पॅकिंग चालत असेल, नाहीतर पहिल्या दिवशी जी वेळ पडली तीच पुढे चालू राहिली असेल. कारण कळलं की निम्मा प्रश्न हातात येतो. वेळ बदलायला कदाचित एक पैसाही लागणार नाही.

सराफ्यात आपण लहानपणापासून हेच पाहत आलो. दिवसा चांदीची दुकानं, रात्री त्यांच्याच ओट्यांपुढे गराडू आणि भुट्ट्याचा कीस. जागा तीच, धंदे दोन, आणि वेळ वाटून घेतल्यामुळे दोन्ही चालतात.

दुपारी मशीन लागलं तर तुमची दुपारची झोप मोडेल, तेही आत्ताच धरून चाला. बोलण्यांत आपणही काहीतरी सोडावं लागतं आणि तुम्ही हे सोडू शकता. ‘पहाट आम्हाला द्या, दुपार तुमची’ हे शेजाऱ्यांना समजणारं बोलणं आहे.

वेळ बदलणं त्यांना खरंच अशक्य असेल तर मग मशीन हलवण्याचा विचार. इथे तुमच्या मिस्त्रीचं बरोबर आहे. खिडकीला जाड काच बसवा असं कुणी सुचवलं तर त्यावर पैसे घालू नका. पलंग थरथरतो याचा अर्थ आवाज हवेतून कमी आणि जमिनीतून, भिंतीतून जास्त येतोय. त्याला उपाय म्हणजे मशीन सामाईक भिंतीपासून लांब नेणं, त्याचा पाया बाकी फरशीपासून वेगळा करणं आणि खाली रबराचे किंवा स्प्रिंगचे पाय देणं. मिस्त्रीला मशीन चालू करायला लावून दोन्ही टोकांच्या भिंतीवर तळहात ठेवून बघा. फरक हाताला कळेल.

आणि आता पैसे. तीन हजार देऊ केले याचा तुम्हाला अपमान वाटला. मला त्यात कबुली दिसते. आपल्यामुळे या घराला त्रास होतोय हे मान्य नसतं, तर कुणी दिवाळीच्या दिवशी असा विषय काढला नसता. तरीही आहे तसे ते घेऊ नका. पैसे येत राहतील आणि मशीन जागेवरच राहील, दर महिन्याला तुमची तक्रार थोडी पातळ होत जाईल, आणि ज्यांची झोप मोडते त्या यजमानांच्या छातीला त्या नोटांचा काही उपयोग नाही. मुलगा तुमच्या काळजीने बोलतोय हे समजते. काम चालेल तेवढे दिवस पुढच्या खोलीत झोपायलाही हरकत नाही. कायमचं मात्र नको. ती खोली तुम्ही ज्या कारणासाठी बांधलीत ते कारण अजून तसंच आहे.

पण त्या तीन हजारांत एक हिशोब दडलाय. महिन्याला ३,००० म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये, आणि ते कुठे थांबणार याचा ठिकाणा नाही. मशीन हलवायला ४५,००० एकदाच, म्हणजे पंधरा महिन्यांची रक्कम. जो माणूस वर्षानुवर्षं पैसे द्यायला तयार आहे, त्याला हे काम परवडतं. त्यांची अडचण बहुधा एकरकमी पैशांची असावी. निम्मा खर्च तुमच्याकडून मागण्यामागेही तेच असेल. म्हणून माझी सूचना अशी: अर्धे, म्हणजे २२,५०० रुपये, तुमच्याजवळ मोकळे असतील तर उसने द्या. त्यांनी ते त्याच ३,००० च्या हप्त्याने फेडायचे. साडेसात महिन्यांत तुमचे पैसे परत, आणि मशीन पहिल्याच महिन्यात हललेलं. तुम्ही खर्च केला असं होत नाही, झोप विकली असंही होत नाही. उसने द्यायची सोय नसेल तर काम दोन टप्प्यांत करायला सांगा: आधी रबर, मग जागा.

हे सगळं साध्या कागदावर लिहा, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. त्यात तीन गोष्टी याव्यातच: सकाळी सहाच्या आधी दळण नाही, नवीन मशीन आणलं तर त्यालाही हेच लागू, आणि कारखाना दुसऱ्या कुणाला चालवायला दिला तरी शब्द कायम. शेजारधर्मात कागद कशाला, असं वाटेल. पण तुमचे शेजारी उद्या मुलाच्या हाती कारभार देतील आणि त्या मुलाने हा शब्द ऐकलेला नसेल.

यजमानांना सांगा की पोलिसांचा रस्ता बंद झालेला नाही, तो मागे ठेवलाय. महिनाभरात बोलणं पुढे सरकलं नाही तर ठाण्यात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्या. तोवर रोजची वेळ वहीत लिहीत जा. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप पुरावा म्हणून टिकणार नाही, पण कोणत्या दिवशी किती याची नोंद राहते. डॉक्टरांकडून यजमानांच्या झोपेबद्दल दोन ओळी लिहून घ्या. उपद्रव हटवायचा आदेश उपविभागीय दंडाधिकारीही (एसडीएम) देऊ शकतात, पण ती तरतूद सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. एकाच घराची तक्रार तिथे लंगडी पडते. दिवाणी कोर्टात मनाई मागता येते, वेळ मात्र किती लागेल ते यजमानांना मी सांगायला नको. एक घर आणि एक कारखाना एवढाच मामला असताना समोरासमोरचं बोलणं या सगळ्यापेक्षा लवकर फळतं.

मॅरेज गार्डनचं याच्या अगदी उलट आहे. तिथे बोलायचं कुणाशी? मालक म्हणेल डीजेवाल्याला सांगा, डीजेवाला म्हणेल पार्टीला विचारा, आणि पार्टी रोज नवी. तुमच्या बाजूला सगळी गल्ली. वर्गणी काढायला निघाल की कळेल: एक म्हणेल आमचं घर मागच्या बाजूला, आम्हाला ऐकू येत नाही, दुसरा म्हणेल तुम्ही देताच आहात, शांतता आम्हालाही मिळेलच, आणि परीक्षेला बसलेल्या भाडेकरू मुलांना कुणी विचारणारच नाही. ज्यांची झोप जाते ते सगळे बोलणीला बसूच शकत नाहीत. त्यातून पैसे गोळा झालेच, तर गप्प बसायचे पैसे मिळतात हे एकदा मालकाला कळलं की पुढच्या वर्षी आवाज वाढेल आणि रक्कमही. ‘सेटिंग’ला माझा साफ नकार आहे.

मग जबर शुल्क लावावं का? ज्याच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान होतं त्याच्यावर तेवढा कर बसवावा, हा विचार पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली मांडला आणि धूर-सांडपाण्यासाठी तो चांगलाही आहे. रात्रीच्या डीजेला मात्र तो पुरत नाही. लग्नात लाखो उडवणारा माणूस ते शुल्कही उडवेल आणि तुमची रात्र तशीच जाईल. झोपेसाठी ठरलेल्या वेळेला आवाज बंदच व्हायला हवा.

तसा नियम आहेच. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. कुणाच्या घरचं लग्न त्यात बसत नाही. दहाच्या आतही सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलच्या वर किंवा ७५ च्या वर, यातलं जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. आपल्याकडे मध्यप्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ पासून आहे. परीक्षांच्या दिवसांत स्पीकरवर बंदीचे आदेश निघतात ते त्याखालीच. आणि जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बोलायचा हक्क असला तरी दुसऱ्यावर ऐकायची सक्ती करता येत नाही.

नियम कागदावरच राहतात, असं गल्लीतले म्हणतील. याच शहरात कचऱ्याचंही तसंच होतं. मग दारावर रोज गाडी यायला लागली, ओला-सुका वेगळा करायची सक्ती झाली, दंड झाले, आणि २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं. घरोघरी सौदे करून ते झालं नसतं. एक नियम सगळ्यांना सारखा लागू झाला आणि तो रोज पाळून घेतला गेला, म्हणून झालं.

तेव्हा वर्गणीऐवजी सह्या गोळा करा, आणि लग्नसराई सुरू व्हायच्या आधी. ठाण्यात एक अर्ज, पोलीस आयुक्त कार्यालयात एक, महापालिकेत एक, प्रत्येकाची पोच घ्या. स्पीकरच्या कोणकोणत्या परवानग्या दिल्या गेल्या, हे माहितीच्या अधिकारात मागा. रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी आवाज चालू असेल तर ११२ ला फोन, आणि तो एकाच घरातून नको; पाच-सहा घरांतून वेगवेगळे जाऊ देत. काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी सीएम हेल्पलाइनला, १८१ वर, तक्रार नोंदवा. वरातीत शिरून भांडायला मात्र कुणालाही पाठवू नका, यजमानांना तर मुळीच नाही. आणि एक अवघड गोष्ट: गणपतीत गल्लीच्या मंडळाचा स्पीकर ठरलेल्या वेळेला बंद झाला पाहिजे. मालक पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.

परत मशीनकडे येते, कारण ते आधी करायचं आहे. शेजाऱ्यांकडे बोलायला दुपारी जा, भट्टी विझलेली असते तेव्हा, आणि त्यांच्या घरातल्या बाईमाणसांसमोर बोला. दिवाळीचा विषय त्यांनीच काढला होता, तिथून सुरुवात करा. ‘साडेचारलाच का?’ हा प्रश्न पहिला. मग त्यांना एका पहाटे तुमच्या मागच्या खोलीत बोलवा. कारागीर पलीकडे मशीन लावेल, तेव्हा त्यांना त्या पलंगावर बसू द्या. तुम्ही काही बोलू नका. चहा ठेवा, आणि पेल्यातला चहा हलताना त्यांना बघू द्या.